मागचा कंट्रोल आर्म उतरवून तपासताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, मागे मल्टिलिंक सस्पेन्शन असलेली एसयूव्ही, नऊ वर्षे रत्नागिरीत वापरात, गतिरोधकावरून उतरताना मागून डाव्या बाजूला ‘टक’ असा एकच आवाज येतो, मागचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजले आहेत, आणि गॅरेजने दोन्ही बाजूंचे सगळे आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे, बदलायला सांगितले आहे. एवढा खर्च करण्याआधी खालचा कंट्रोल आर्म स्वतः उतरवून पाहावा का, आणि पाहायचा तर कसा, हे आपल्याला हवे आहे.

जरूर पाहावा. माझ्या अनुभवात आर्मचा लोखंडी भाग खराब झाल्यामुळे तो बदलावा लागणे ही तुलनेने क्वचित येणारी वेळ आहे. झिजतो तो त्याच्या टोकांना बसवलेला रबरी बुश, आणि किनाऱ्यावरच्या गाडीत जाम होतो तो त्या बुशमधून जाणारा बोल्ट. शिवाय या कामात लोक सगळे लक्ष आर्म काढण्याकडे देतात. प्रत्यक्षात काम टिकते की नाही, हे आर्म परत बसवताना शेवटचे बोल्ट कोणत्या स्थितीत आवळले यावर ठरते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

हे उत्तर इतर कोणी वाचत असेल, तर त्याने आधी आपल्या गाडीला असे आर्म आहेत का, एवढे वाकून पाहावे. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि लहान सेदान गाड्यांना, उदाहरणार्थ स्विफ्ट, बलेनो किंवा होंडा सिटीला, मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई, असतो. इनोव्हा क्रिस्टाला लिंक असतात, पण त्या अखंड ॲक्सलला धरून ठेवतात. चाक स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणारे मल्टिलिंक सस्पेन्शन एक्सयूव्ही ७००, टुसॉन, सीआर-व्ही अशा गाड्यांत आढळते. इथे लिहिलेले सगळे या शेवटच्या प्रकाराला लागू आहे.

पाना हातात घेण्याआधी आवाज खरोखर सस्पेन्शनचाच आहे, याची खात्री करावी. डिकीतला जॅक, टॉमी (लोखंडी पहार) आणि स्टेपनी बाहेर काढून त्याच गतिरोधकावरून एकदा जावे. हे वाचून हसू येईल, पण मागचे सस्पेन्शन वाजते म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी काहींचा आजार सैल पडलेला जॅक एवढाच होता. त्यानंतर सायलेन्सरची लटकणारी रबरे, स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याच्या) छोट्या लिंक आणि शॉकअपचे वरचे माउंटिंग पाहावे. लिंकचा बॉल जॉइंट सैल झाला, तर बारीक खडबडीत रस्त्यावर सतत खडखड येते. गतिरोधकावरून उतरताना एकच जड ‘टक’ येत असेल, तर बुशवर किंवा तुटलेल्या स्प्रिंगवर संशय घ्यावा. मागच्या स्प्रिंगचे सर्वांत खालचे वेटोळे चिखलात बसलेले असते, तिथे रंग उडून गंज धरतो आणि शेवटचा तुकडा मोडून पडतो. गाडी उभी असताना हे दिसत नाही, म्हणून अनेकांच्या नजरेतून सुटते.

आता सुरक्षिततेचे. मागची चाके उचलली की हँडब्रेक निरुपयोगी होतो, कारण तो मागच्याच चाकांवर चालतो. त्यामुळे गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असल्यास ‘पी’वर ठेवावी आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत. जमीन सिमेंटची आणि सपाट हवी. अंगणातल्या लाल मातीवर किंवा पोकळ बसलेल्या पेव्हर ब्लॉकवर हे काम करूच नये, कारण जॅकस्टँडचा पाय तिथे हळूहळू रुततो आणि तो रुतताना कळत नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये. जॅकस्टँड कंपनीने दाखवलेल्या जागीच लावावेत आणि काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे.

गाडी उचलण्याआधी एक मोजमाप मात्र विसरू नये. गाडी सपाट जागी, रिकामी, चारही चाकांवर उभी असताना मागच्या हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून दोन्ही बाजूंसाठी लिहून ठेवावे. हाच आकडा शेवटी उपयोगी पडणार आहे. दोन्ही बाजूंत दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, तर तोही एक पुरावा समजावा : मोडकी स्प्रिंग किंवा वाकलेला आर्म असण्याची शक्यता वाढते.

चाक काढल्यावर लगेच पाने लावू नयेत. आर्म जागेवर असतानाच त्याची अर्धी तपासणी होते. बुशजवळ लांब टॉमी घालून आर्म हलवून पाहावा. थोडी लवचिक हालचाल असणारच. काही बुश पुढे-मागे मऊ आणि आडव्या दिशेला ताठ असे मुद्दामच बनवलेले असतात. संशय धरायचा तो मोकळ्या हालचालीचा, म्हणजे आर्म आधी काही अंतर सहज सरकतो आणि मग लोखंडावर लोखंड आपटते. बुशच्या आसपास, आर्मचे टोक ज्यात बसते त्या लोखंडी कंसाच्या आतल्या भागावर घासून चकचकीत झालेला ठिपका दिसला, तर आवाजाचे ठिकाण सापडले असे समजायला हरकत नाही.

खालच्या आर्मच्या आतल्या टोकाचा बोल्ट पुष्कळ गाड्यांत साधा नसून त्याच्या डोक्याखाली मध्यापासून सरकवलेली गोल चकती असते. तो कॅम बोल्ट. तो फिरवून चाकाचा टो (वरून पाहता चाकाचे तोंड किती आत-बाहेर वळले आहे ते) किंवा कॅम्बर (चाकाचा वरच्या बाजूचा कल) जुळवतात; हे कोन जुळवणे म्हणजेच अलाइनमेंट. चकतीची आताची जागा आणि सबफ्रेम (आर्म ज्याला जोडलेले असतात तो गाडीखालचा सांगाडा) यांवर मिळून एक आडवी रेघ पांढऱ्या रंगाने ओढावी आणि मोबाइलवर फोटो काढावा. रेघ ओढली म्हणजे अलाइनमेंट टळते असे नाही, पण अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ जाते.

पुढचा टप्पा स्प्रिंगचा. तिच्याबद्दल मी जरा कठोरपणे लिहितो. आपल्या वर्णनावरून आपल्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवरच बसलेली दिसते. अशा एसयूव्हीत एका मागच्या चाकावर रिकाम्या गाडीचा साधारण ३०० ते ३५० किलो भार येतो, आणि स्प्रिंग चाकापेक्षा आतल्या बाजूला असल्यामुळे तिच्यावरचा दाब त्याहूनही जास्त असतो. चाक लटकल्यावर हा दाब बराच कमी होतो, तरी पूर्ण जातोच असे नाही. म्हणून बाहेरच्या टोकाचा बोल्ट काढण्याआधी आर्मच्या बाहेरच्या टोकाजवळ दुसरा, पसरट टाळूचा ट्रॉली जॅक लावून आर्म किंचित वर घ्यावा, बोल्टवरचा ताण गेला की बोल्ट काढावा आणि मग जॅक अगदी हळूहळू खाली सोडावा. स्प्रिंग मोकळी होईपर्यंत तोंड, हात किंवा पाय तिच्या रेषेत येऊ देऊ नयेत. एखाद्या गाडीत जॅक पूर्ण खाली आल्यावरही स्प्रिंग दबलेलीच राहते. तिथे स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो, आणि तो वापरण्याचा सराव नसेल, तर त्या दिवशी काम तिथेच थांबवून जाणकाराला बोलवावे.

बाहेरचा बोल्ट काढण्याआधीच स्टॅबिलायझर बारची लिंक दोन्ही बाजूंची सोडवावी. एकाच बाजूची सोडवली, तर बारचा पीळ आर्मवर राहतो आणि बोल्ट भोकात अडकतो. एबीएस सेन्सरची वायर, हँडब्रेकची केबल आणि काही गाड्यांत हेडलाइटची उंची जुळवणाऱ्या सेन्सरची छोटी दांडी आर्मला चिकटलेली असते, ती आधी मोकळी करावी. शॉकअपचे खालचे टोक आर्मलाच असेल, तर ते सोडल्यावर चाक नेहमीपेक्षा खाली जाऊ शकते आणि ब्रेकच्या नळीला ताण बसतो. त्यासाठी हबला तारेने किंवा पट्ट्याने वर बांधून ठेवावे.

यानंतर आतला बोल्ट काढायचा. मालवण, वेंगुर्ले, रत्नागिरी, अलिबाग या पट्ट्यातल्या गाड्यांत खरी मेहनत इथेच पडते. नट सुटतो, पण बोल्ट हलत नाही, कारण खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने तो बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेला असतो. याची खूण सोपी आहे : बोल्टचे डोके पान्याने फिरवले की ते थोडे फिरते आणि सोडल्यावर स्प्रिंगसारखे परत येते. तेव्हा फिरत असतो तो बोल्ट नव्हे, बोल्टसकट बुशची नळी. परत खेचते ते तिच्याभोवतीचे रबर. अशा वेळी पाइप लावून जोर वाढवण्यात अर्थ नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल दोन्ही टोकांनी मुरू द्यावे, नट चार आटे उलटा चढवून आटे वाचवावेत आणि मग जड हातोड्याने ठोकून पाहावे. कॅम बोल्टवर ठोकताना चकती आणि तिला धरणारे कंसाचे कान वाकू नयेत, याची काळजी घ्यावी, कारण ते वाकले तर अलाइनमेंट कधीच नीट बसत नाही.

एवढे करूनही बोल्ट हलला नाही, तर गॅरेजमध्ये हात आपोआप गॅसच्या ज्वालेकडे जातो. मागच्या सस्पेन्शनजवळ पेट्रोलची टाकी, इंधनाच्या नळ्या आणि ब्रेकच्या नळ्या असतात, शिवाय बुशचे रबर पेट घेते. घरी हा प्रयोग मुळीच करू नये. त्यापेक्षा बुश आणि कंस यांच्यामधल्या फटीतून पातळ पात्याच्या करवतीने बोल्ट दोन्ही बाजूंनी कापून काढणे सरळ आणि सुरक्षित पडते. बोल्ट आणि बुश दोन्ही वाया जातात, पण तो बुश तसाही बदलावाच लागणार असतो. यासाठी काम सुरू करण्याआधीच नवे कॅम बोल्ट, चकत्या आणि नट आणून ठेवावेत. रविवारी दुपारी बोल्ट कापून बसलेला आणि सोमवारी ऑफिसला जायचे असलेला माणूस मी बऱ्याचदा पाहिला आहे.

आर्म हातात आल्यावर तो पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ धुवावा; चिखलाखालचे काही दिसत नाही. पत्रा दाबून केलेल्या आर्मला पाणी निघून जाण्यासाठी खाली छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आतच राहते आणि आर्म आतून सडतो. स्प्रिंगच्या वाटीभोवती आणि वेल्डच्या कडेने जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. जिथे खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो किंवा पापुद्रा सुटतो, तिथे टोक दाबून पाहावे. टोक आत गेले, तर आर्म टाकून द्यावा. वरवरचा तांबूस गंज खरवडून रंग मारला की चालतो. वाकलेला आर्म ओळखण्यासाठी रंगाला एका रेषेत गेलेले तडे शोधावेत आणि दोन्ही टोकांच्या भोकांमधले अंतर दुसऱ्या बाजूच्या आर्मशी ताडून पाहावे. वाकलेला आर्म गरम करून सरळ करणे किंवा चिरलेल्या आर्मला वेल्डिंग करणे हे काही ठिकाणी आजही चालते. मी ते कधी केले नाही आणि कोणाला करू देणार नाही. ॲल्युमिनियमच्या आर्मबाबत तर हा विचारही मनात आणू नये.

बुश पाहताना घाईने निकाल देऊ नये. रबराच्या पृष्ठभागावर बारीक केसासारख्या भेगा नऊ वर्षांच्या गाडीत असणारच. त्या खोल गेलेल्या नसतील, तर बुश अजून चालेल. काही बुशमध्ये अर्धचंद्राकार पोकळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात आणि त्यांनाच फाटलेले रबर समजून चांगला बुश बदलला जातो. मूळच्या पोकळीची कड गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंना सारखी असते, फाटलेल्या रबराची कड खरबरीत आणि वेडीवाकडी. बोल्ट आत घालून नळी हाताने पिळून पाहावी : चांगला बुश विरोध करतो आणि परत येतो, रबर नळीपासून सुटलेला बुश गरगर फिरतो. बुशभोवती तेलकट काळा ओघळ असेल, तर तो बहुधा द्रव भरलेल्या प्रकारचा असून फुटला आहे. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असेल, तर तो घट्ट आणि एकसारखा फिरला पाहिजे. मध्येच खटका जाणवला किंवा फाटक्या रबरी टोपीतून गंजाच्या रंगाचे ग्रीस आले, तर तो गेला.

बुश बदलायचा झाल्यास प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडे द्यावा. जुना बुश काढण्याआधी त्याच्या पोकळ्यांची किंवा बाणाची दिशा आर्मवर खुणेने नोंदवावी, कारण नव्वद अंश फिरवून बसवलेला बुश दिसायला नीट असतो आणि वागायला अगदी वेगळा. दाब बाहेरच्या कड्यावर द्यायचा, आतल्या नळीवर नाही. घालताना साबणाचे पाणी लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. पॉलियुरेथेनचे ताठ बुश काही जण सुचवतात. घाटात गाडी अधिक नेमकी वाटते हे खरे, पण कोकणातल्या खड्ड्यांचा प्रत्येक धक्का मग थेट सीटपर्यंत येतो, म्हणून रोजच्या गाडीला मी मूळ रबरी बुशच बसवतो.

आता शेवटच्या आवळण्याबद्दल. रबरी बुशमध्ये बेअरिंगसारखे काहीही फिरत नसते. बोल्ट आवळला की आतली नळी कंसात घट्ट पकडली जाते, आणि आर्म वरखाली होताना जे काही वळते ते रबरच पिळले जाऊन वळते. बोल्ट ज्या स्थितीत आवळाल, ती रबराची विश्रांतीची जागा ठरते. चाक हवेत लटकत असताना आवळला आणि मग गाडी खाली उतरवली, तर नुसती उभी असतानाही प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. खड्डा आला की त्यावर आणखी पीळ चढतो, आणि नवे रबर काही महिन्यांत फाटते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. उमेदवारीच्या काळात एका गाडीचे चारही बुश मी मोठ्या टापटिपीने बदलले, सगळे बोल्ट गाडी लिफ्टवर असतानाच आवळले, आणि सातव्या महिन्यात तीच गाडी त्याच आवाजासह परत आली. उस्तादांनी फक्त एकच विचारले, ‘‘चाक खाली होते का वर?’’ दुसऱ्यांदा बुश मी माझ्या पगारातून बसवले.

म्हणून आर्म बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावावेत, स्प्रिंगचे टोक वाटीतल्या खाचेला टेकले आहे हे पाहावे, खालची रबरी गादी नवी घालावी, आणि बोल्ट फक्त टेकतील एवढेच फिरवावेत. नंतर जॅकने हब वर उचलत न्यावा, जोपर्यंत हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर सुरुवातीला लिहून ठेवलेल्या आकड्याएवढे होत नाही. गाडी जॅकस्टँडवरून उचलली जाऊ लागली, तर डिकीत वजन ठेवावे किंवा चाके रॅम्पवर घेऊन आवळावे. त्या स्थितीत कॅमची चकती रंगाच्या रेघेवर आणून टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणाऱ्या पान्याने) पूर्ण आवळावे. अशा जाडीच्या बोल्टला टॉर्क बहुधा १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, पण नेमका आकडा आपल्याच मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्यावा; काही बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर आणखी ९० किंवा १८० अंश फिरवायचे असतात आणि ते पुन्हा वापरायचे नसतात. नायलॉनचे कडे असलेले नटही नवेच घ्यावेत. बोल्टच्या आटे नसलेल्या मधल्या भागाला गंजरोधक पेस्टचा पातळ थर द्यावा, आट्यांना मात्र देऊ नये, कारण आटे निसरडे झाले की तोच टॉर्क बोल्टला गरजेपेक्षा जास्त ताणतो. पुढच्या वेळी करवत काढावी लागणार नाही, ती या पातळ थरामुळे.

राहिला टायरचा प्रश्न. मागच्या चाकांना थोडा ऋण कॅम्बर, म्हणजे वरच्या बाजूने आत कललेपणा, पुष्कळ गाड्यांत कंपनीनेच दिलेला असतो. एक ते दीड अंश सामान्य समजला जातो. तेवढ्याने टायर इतका झिजत नाही. आतली कड झपाट्याने जाते ती कॅम्बरच्या जोडीला टो बिघडल्यावर. झिजलेल्या कडेवरून तळहात एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवून पाहावा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला धारदार लागले, तर टो बिघडला आहे. दोन्ही बाजूंचे टायर सारखेच झिजले असतील, तर एका वाकलेल्या आर्मपेक्षा दोन्हीकडचे थकलेले बुश हे अधिक संभाव्य कारण वाटते. त्यामुळे आपल्या बाबतीत माझा अंदाज असा आहे की दोन्ही खालच्या आर्मचे बुश आणि कॅम बोल्ट बदलावे लागतील, आर्म बहुधा वाचतील, आणि बाकीचे वरचे आर्म जागेवरच टॉमीने तपासून सोडून देता येतील. वाटी सडलेली निघाली, तर मात्र खालचे दोन्ही आर्म बुशसकट नवे घ्यावेत. सडलेल्या आर्ममध्ये नवा बुश दाबणे म्हणजे मजुरी दोनदा देणे.

अलाइनमेंट चारही चाकांची करून घ्यावी, आणि त्यात मागची चाके आधी जुळवून मग पुढची. कित्येक दुकानांत पुढचीच दोन जुळवून पैसे घेतात, म्हणून कामाआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंटआउट मागावेत. मागच्या टोचे आकडे दोन्हीत तंतोतंत तेच दिसले, तर तिथे कोणी हात लावलेला नाही. जुने झिजलेले टायर यानंतरही वेगात घुमल्यासारखा आवाज करत राहतील. तो आवाज ऐकून काम फसले असे समजू नये. नवे टायर घालेपर्यंत तो जाणार नाही. ‘टक’ मात्र पहिल्याच गतिरोधकावर बंद झालेला असला पाहिजे.